बांधाखालच्या दोन खोल्या

कतारमध्ये धरण आहे असं मी घरी सांगितलं तेव्हा बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं. तरुणपणी नाशिककडच्या धरणांवर राबलेला मी इथे लुसैलच्या ऑफिसात वर्षानुवर्षं गटारांची ड्रॉइंग्ज तपासत बसलेलो. त्यामुळे दुखानच्या रस्त्याला एका वृद्ध कतारी गृहस्थांच्या शेतावरचा मातीचा बांध तपासायचाय म्हटल्यावर मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

बांध उंचीला जेमतेम दोन पुरुष. हिवाळ्यात कधीमधी पडणारं पाणी त्यामागे अडायचं आणि खालच्या खजुरांना मिळायचं. विमा कंपनीला त्याचा धोक्याचा वर्ग हवा होता. माती छान दाबलेली, पाझर कुठे नाही. फक्त जादा पाणी निघून जायला सांडवा नव्हता. मी खूश होतो. मग पलीकडे उतरलो आणि माझं डोकंच फिरलं. वाऱ्याला आडोसा म्हणून अगदी पायथ्याशी पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि खजुरांची निगा राखणारी चार माणसं त्यांत राहत होती. दोरीवर त्यांचे कपडे वाळत होते.

धरणाचा वर्ग ते किती मजबूत आहे यावर ठरत नाही. ते फुटलंच तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. मी मालकांना सांगितलं, वर्ग सगळ्यात वरचा, जास्त धोक्याचा. त्यांना ते फार लागलं. बांध त्यांच्या वडिलांनी घातलेला. मी त्याला नावं ठेवतोय असंच त्यांना वाटलं. मी खोल्यांचा विषय काढला की ते खजुरांची थाळी पुढे सरकवत.

शेवटी त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, कॉफी आली. कॉफीने माझं पित्त खवळतं, म्हणून मी छोटा कप घेतला आणि न पिताच गुपचूप खाली ठेवला. मालक एकदम सावरून बसले. त्यांच्याकडे पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली तर त्याला काही मागायचं असतं आणि यजमानाला ते ऐकून घ्यावंच लागतं, हे मला नंतर कळलं.

“बोलो,” ते आखाती हिंदीत म्हणाले, “क्या चाहिए?”

मी इतका वैतागलो होतो की मनातलं सरळ बाहेर पडलं. “वो दो कमरे ऊपर ले आओ. इधर, मजलिस के बाजू में.”

त्यांनी कप उचलून माझ्या हातात दिला. मग ते म्हणाले, “खलास,” म्हणजे ठरलं. “कॉफी पियो.”

प्यायलो. पित्त झालं, पण त्याचं काही वाटलं नाही. महिन्याच्या आत खोल्या वर आल्या, मी वर्ग खाली आणला आणि मालक माझ्यावर बेहद्द खूश झाले. सांडवा तेवढा इन्शाल्लावर राहिला.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला. रात्रभर पाऊस कोसळला होता. पाणी बांधावरून वाहिलं आणि बांध मधोमध फुटला. वडिलांचा बांध गेला, असं ते दोनदा म्हणाले. मी माणसांचं विचारलं.

“मेरे साथ बैठे हैं,” ते म्हणाले. “चाय पी रहे हैं.”