नवमी होऊ दे

"बसाया नको, उभाच बरा हाय," असं म्हणत काका एक पाय पायरीवर, एक दुकानात ठेवून उभे राहायचे. गारखेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अशी उभी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील; पण ऐंशी ओलांडलेल्या, एसटीतून रिटायर झालेल्या या माणसानं मला वर्षभर सुखानं चहा पिऊ दिला नाही.

"सापडलं का?"

"काका, कालच तर विचारलंत."

"काल नव्हतं. आज असंल."

शोधायची होती त्यांच्या वडिलांची कबर. वडील पायदळात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले, तिथंच पुरले गेले, तेव्हा काका आईच्या पोटात होते. करमाडजवळच्या घरी सरकारी कागद आला. आईनं तो वाचून घेतला, पेटीत टाकला आणि म्हणाली, "म्या त्यांची माती पाह्यली नाय. कुंकू पुसायची नाय." मरेपर्यंत तिनं ते लावलं. काकांनी तिला हिरव्या लुगड्यात निरोप दिला आणि दर पितृपक्षात तिची अविधवा नवमी करू लागले. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईची ही तिथी. सवाष्ण म्हणून माझी बायको त्यांच्याकडं जेवायला जायची. वडिलांचं श्राद्ध मात्र कधीच झालं नाही. ते केलं तर आई विधवा ठरत होती.

"मग कबर कशाला शोधायची?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"बाप हाय ना माझा. तिकडं एकटाच पडलाय, कुणी पाणी बी दिलं नाय." आणि ते रस्त्याकडं बघू लागले.

गेल्या वर्षी, पितृपक्षातल्या अष्टमीला, कबरीच्या दगडाचा फोटो सापडला. सरकारी कागदावरचा फौजी नंबर जुळला, नाव जुळलं. मी काकांना हाका मारून बोलावलं, स्क्रीन वळवली. त्यांनी झटकन डोळ्यांवर हात धरला.

"बंद कर, बंद कर! उद्या नवमी हाय."

"अहो, वर्षभर माझं डोकं खाल्लंत!"

"नवमी होऊ दे रे. आईला एकडाव सवाष्ण जेवू दे."

मला राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या बायकोला स्वतः पुरणपोळी वाढली. ओटीत या वेळी हिरवी साडी होती.

शस्त्रानं गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. त्या सकाळी काका अंघोळ करून आले. "दाखव." बराच वेळ पाहत राहिले. मग खुर्ची ओढली आणि चक्क बसले.

"वय काय लिवलंय?"

"बावीस."

"माझ्या नातवायेवढा हाय की रे," ते म्हणाले आणि स्क्रीनवरून हात फिरवला. मग वडिलांना पाणी द्यायला घरी गेले.

माघात काका वारले. यंदा नवमीचं आमंत्रण आलं नाही. येणारच नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी बायको ती हिरवी साडी नेसून दुकानात येऊन बसली. दुपार टळेपर्यंत जेवली नाही. मीही सारखा पायरीकडं बघत होतो.