न्हावऱ्याच्या वळणावरचा लाल दिवा

केडगावच्या रखमाजीनं बारा वर्षं मालट्रक चालवला आणि एका सकाळी सोडून दिला. शहाण्णव सालची थंडी होती. शिरूरहून चौफुल्याकडे येताना न्हावऱ्याच्या पुढच्या वळणावर धुकं दाटलेलं. वळणापलीकडे उसाची ट्रॉली चाक काढून भर रस्त्यात उभी. ती दिसली तेव्हा ब्रेक मारून उपयोग नव्हता. रखमाजीला खरचटलंसुद्धा नाही, पण क्लीनर म्हणून शेजारी बसलेल्या म्हाळूचा, त्याच्या सख्ख्या चुलतभावाचा, उजवा पाय गुडघ्यापासून गेला. चूक ट्रॉलीवाल्याची, असं पोलीस म्हणाले. म्हाळूही तेच म्हणाला. रखमाजीला मात्र ते कधी पटलं नाही. पुढं त्यानं जीप घेतली, पण वळण आलं की त्याचे तळहात ओले व्हायचे.

अकरा वर्षांनी त्याची मुलगी गौतमी पुण्याहून वायरलेसचे दोन डबे आणि एक जादाचा घेऊन आली. ती इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेत होती.

"आबा, पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की तिच्यातला डबा वायरलेसनं मागच्या डब्याला कळवतो. मागच्या गाडीत त्या डब्यावर लाल दिवा लागतो. वळणापलीकडचं डोळ्यांनी दिसायची गरज नाही."

"आन् दिवा न्हाई लागला तर?"

"तेच तपासायचंय." ती जरा थांबली. "न्हावऱ्याच्या वळणावर."

कुबडी टेकून दारात उभा असलेला म्हाळू म्हणाला, "मी बसतो शेजारी. मी दिव्याकडं बघतो, तू रस्त्याकडं बघ."

दुसऱ्या दिवशी दोन जीप निघाल्या: पुढच्या जीपमध्ये गौतमी आणि तिच्याबरोबर शिकणारा विनोद, मागच्या जीपमध्ये रखमाजी आणि म्हाळू. सरळ रस्त्यावर दिवा दहापैकी दहा वेळा लागला. मग वळण आलं आणि पुढची जीप उसाआड गेली. पलीकडे विनोद ब्रेक मारून थांबणार, असं ठरलं होतं.

"लागला का?" रखमाजीनं विचारलं.

"न्हाई."

"आता?"

"न्हाई रं."

रखमाजीनं जीप जागेवर उभी केली. हॉर्न दिला. उत्तर नाही. पलीकडे काय झालं असेल, याची नाही नाही ती चित्रं डोळ्यांपुढे आली. तो उतरला आणि वळणावरून पळत सुटला.

गौतमी रस्त्याकडेला धडधाकट उभी होती, लॅपटॉपकडे बघत, चेहरा पडलेला. "डबा सारखा सांगत होता, आबा. तुमच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. ऊस आडवा येतोय."

रखमाजी बांधावरच बसला. "माझ्यानं न्हाई व्हायचं आता."

तोवर म्हाळू कुबडीवर येऊन पोचला होता. धापा टाकत म्हणाला, "रखमा, अडचणीच्या जागी ट्रक मागं घेताना मी काय करायचो? उतरून कोपऱ्यावर उभा ऱ्हायचो. मला मागलं बी दिसायचं आन् तुझा आरसा बी; मी हात केला की तू थांबायचास. पोरी, तसा एखादा डबा कोपऱ्यावर उभा कर की."

गौतमीनं लगेच पिशवी उघडली. तिच्यात तो जादाचा डबा होता. वळणावरच्या विहिरीपाशी पाण्याच्या मोटारीची खोली होती. मालकाला विचारून विनोद तिच्या पत्र्यावर चढला. डब्याला निरोप पुढं धाडायला शिकवण्यात दुपार कलली.

रखमाजी पुन्हा स्टेअरिंगवर बसला. वळण आलं.

"लागला!" म्हाळू ओरडला. रखमाजीनं ब्रेक दाबला. पुढची जीप अजून दिसतही नव्हती.

दहा फेऱ्या झाल्या. आठ वेळा दिवा लागला. म्हाळू लहान पोरासारखा हसत होता. रखमाजी हसला नाही.

"दोनदा न्हाई लागला."

"हो आबा. का नाही, ते शोधायला वर्ष जाईल."

"जाऊ दे वर्ष. गाडी मी चालवतो. दुसऱ्या कुणाला बोलवू नको."

पुढचं वर्षभर, दर रविवारी, त्यानं जीप त्या वळणावर नेली. गौतमीनं प्रबंध दिला तेव्हा शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा दिवा लागत होता. कॉलेजात पेढे वाटले गेले. त्यातला एक हातात धरून रखमाजीनं तिच्या सरांना बाजूला घेतलं आणि उरलेल्या तीन वेळांचं काय, ते विचारलं.