दापोडीच्या गच्चीवरचा बूस्टर

वडील कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी घेऊन बसले. त्या पार्टीचा कार्यक्रम सरकारी मराठी चॅनेलने रेकॉर्ड करून नेला. रविवारी सकाळी अकराला दाखवणार, तोही एकदाच. पप्पांनी पार्टीतल्या सातही जणांना दापोडीच्या आमच्या घरी बोलावून ठेवलं. आईने पोहे-शेंगदाणे भरून ठेवले. फक्त आमच्या टीव्हीवर चित्र येत नव्हतं.

डिश पप्पांनीच काढून टाकली होती, "नुसती भांडणं दाखवतात" म्हणून. नवा टीव्ही हवेतला डिजिटल सिग्नल थेट घेतो असं कळल्यावर त्यांनी गच्चीवर सिंहगडाच्या टॉवरकडे तोंड करून अँटेना उभा केला. चित्र चौकोनाचौकोनांत तुटायचं आणि पडदा काळा व्हायचा. जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या तरी माणूस ओळखू यायचा. डिजिटलचं तसं नाही. येतं तर अख्खं येतं, नाहीतर काहीच नाही.

"मोबाईलवर बघा की राव," शेजारचे काका त्यांच्या गच्चीवरून म्हणाले.

"आठ जणांनी एका मोबाईलवर? मयताचं तोंड बघायला वाकतात तसं वाकायचं का?" पप्पा म्हणाले.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी, इलेक्ट्रॉनिक्स. कुणी न विचारता मी हे सांगते. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर पिंपरीत उतरले आणि बूस्टर घेतला. अँटेनाने पकडलेला बारीक सिग्नल मोठा करणारी डबी ती. आल्या आल्या टीव्हीच्या मागे जोडली. काही फरक नाही. चूक माझीच, घाई केली. सिग्नल वायरीतून खाली येईपर्यंत निम्मा मरतो, तो मेल्यावर वाढवून काय उपयोग? बूस्टर वर, अँटेनापाशीच हवा. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

रविवारी आठला मी डबी घेऊन वर गेले. खांबाला पट्टीने आवळली आणि खाली येऊन पाहिलं. टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात. ताकदीची पट्टी पार टोकाला गेलेली आणि दर्जाची शून्यावर. म्हणजे बूस्टर काम करत होता, पण नुसता कचरा मोठा करत होता. अँटेनाकडून त्याला खरं काही मिळतच नव्हतं.

"ताई, लावलं का रॉकेट?" काकांनी विचारलं.

"लावते. तुम्ही चहा घ्या तोवर."

"डिग्री वर घेऊन जा, तीच बांध खांबाला!"

मी पाना घेऊन परत गच्चीवर गेले. अकरा वाजायला दीड तास होता. चित्र आणल्याशिवाय खाली उतरायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. वायर जिथे अँटेनाला जोडलेली होती तो स्क्रू खोलला, तर पत्ती, वॉशर, सगळं लालभडक. रेड ऑक्साइड, गंज चढू नये म्हणून मारतात तो रंग. पप्पांनी आधी सुटे भाग रंगवले आणि मग जोडले होते. कंपनीत तशीच रीत, म्हणजे एकही कड उघडी राहत नाही. वायर आणि धातू यांच्यामध्ये रंगाचा जाड थर बसलेला.

मी पॉलिश पेपर घासायला लागले तसे पप्पा वर आले.

"रंग खरवडतेस? दोन हात मारलेत मी!"

"रंगातून करंट जात नाही, पप्पा."

"मला शिकवतेस? तीस वर्षं पेंट शॉप..." आणि ते मध्येच थांबले. त्या लाल पत्तीकडे बघत राहिले. "अर्थिंगचा बोल्ट असला की आम्ही त्यावर टेप लावून मग रंग मारायचो," ते हळूच म्हणाले. "इथं टेप लावायची राहिली." मग माझ्या हातातला पेपर घेऊन खाली बसले. "बाजूला सर. तुला घासता येत नाही."

त्यांनी पत्ती चांदीसारखी केली. मी वायर आवळली. खालून आई ओरडली, "आलं! बाई बोलतीय, स्वच्छ!"

अकराला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकाही आले, दारातच बसले. दुसऱ्या गाण्यात कॅमेरा ढोलकीवर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने पदर डोळ्याला लावला. पप्पा हसले नाहीत. मांडीवर बोटांनी ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"दुसऱ्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात मी लयीच्या पुढे पळालो," ते म्हणाले.

"कुणाला कळतंय?" आई म्हणाली.

"मला कळलं ना." आणि पोह्यांची ताटली बाजूला सारून त्यांनी पार्टीतल्या सगळ्यांना बजावलं, "संध्याकाळी सहाला या. तिसरं कडवं परत बसवायचंय."