मामाची बारी आणि न हलणारा कॅमेरा

आळेफाट्यावर माझा व्हिडिओ शूटिंगचा गाळा होता आणि माझा हात हलतो ही तालुकाभर ख्याती. नवरीच्या गळ्यात हार पडायचा अन् टेपवर अख्खा मांडव पडतोय असं दिसायचं. शेवटी वैतागून मी स्टेबिलायझरवाला कॅमेरा घेतला. त्याच्या आत हादरा ओळखणारा एक इवलासा भाग असतो. हात हलला रे हलला, की तो लेन्समधली एक काच उलट्या बाजूला सरकवतो. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची कंबर हलते, हंडा हलत नाही, तसंच.

त्याच साली बोरीच्या मामाचा म्हातारा बैल बैलगाडा शर्यतीत त्याची शेवटची बारी, म्हणजे शेवटची धाव, पळणार होता. मामा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या, खालच्या टोकाला बैल सोडायला उभा राहायचा. सोडल्यावर त्याला दिसायची ती नुसती शेपटी.

"लेका, ही बारी नीट घे. परत न्हाई व्हायची," तो म्हणाला.

मी घाटाच्या वरच्या टोकाला उभा राहिलो. भोंग्यावर ‘भिर्रर्र’ची आरोळी झाली, भंडारा उडाला, एक जण तर माझ्या खांद्यावरच चढला. पण चित्र? जागचं हललं नाही! मी लई खूश.

संध्याकाळी मामाच्या ओट्यावर टीव्ही मांडला, भावकी जमली. बारी लागली, संपली.

"ह्यो पळतोय का चरतोय रं?" मामा कडाडला.

"मामा, पहिल्यात आला की!"

"मंग पळल्यावानी दिसंना का? मागच्या सालचं बघ, कसं धाडधाड व्हतं!"

अहो, मागच्या साली माझा हात हलत होता! मी काच, हादरा, हंडा, सगळं सांगून पाहिलं.

"मंग ते बंद कर अन् पुन्यांदा घे," मामा म्हणाला. आता बैलाला काय पुन्हा पळवू? माझ्या बैलाची अब्रू घालवली म्हणत मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

बैल गेला. आठवड्याने मामा स्वतःच गाळ्यावर आला.

"ती टेप लाव."

लावली. बैल समोरून येत होता. फुललेल्या नाकपुड्या, कपाळावरचा गुलाल, मागे पडलेला एक कान, सगळं लख्ख. मागच्या सालच्या टेपवर नुसता धुरळा होता.

"थांबव तिथं."

मी थांबवलं. थांबवलं की माझ्या जुन्या व्हीसीआरवर चित्र थरथरायचं, त्याला कुठला आलाय स्टेबिलायझर! मामा उठला, टीव्हीच्या काचेवर बैलाच्या कपाळावर तळवा ठेवला आणि हळूच म्हणाला, "होऽ बाळा, होऽ."