पिशवी बसून गेली, मी उभा

चौकातला हा फळा वाचणाऱ्या मंडळींनो, आज सकाळी वर्धा स्टँडवर रोहण्याची एस.टी. लागली आणि मीही तुमच्यासारखाच शहाणपणा केला. जागा धरायला खिडकीतून पिशवी आत टाकली. तिच्यात बाबांच्या दम्याच्या औषधाची काचेची बाटली आहे, हे पिशवी सीटवर आपटल्यावर आठवलं. रोहण्यात ते औषध मिळत नाही आणि घरची बाटली कालच संपली होती.

मी दारातल्या गर्दीत अडकलो. आत एका पैलवानाने पिशवी उचलली.

"खाली फेकू नका, औषध आहे," मी ओरडलो.

"जागेसाठी कोनीबी म्हन्ते औषध हाय."

शेजारच्या म्हातारीने पिशवी हिसकावून पुन्हा सीटवर ठेवली. "बिमाराची वस्तू हाय, बापू. हात नको लावू. मानूस येऊन राह्यला."

माणूस काही पोहोचला नाही. रोहण्यापर्यंत मी दारात एका पायावर आणि पिशवी खिडकीशी वारा खात. म्हातारीने तिथे कोणालाच टेकू दिलं नाही.

बाटली शाबूत निघाली. औषध घेऊन बाबांनी विचारलं, "बसाले जागा भेटली ना?"

"भेटली," मी म्हणालो.

आता तुम्हीच सांगा, पुढच्या खेपेला खिडकीतून पिशवी टाकू की स्वतःला?