पुण्याचा चंद्र, सकाळी ११:४२

अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटात राहणाऱ्या शशिकांत निरगुडकरांना 'उद्या सातला येतो' असं कोणी सांगितलं, तर ते आधी विचारतात, "कुठले सात?" मग सांगणारा पलीकडच्याच गल्लीत का राहत असेना. काका मूळचे पुण्याचे. चोवीस वर्षं एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तारखा आणि वेळा सांभाळतायत. स्वयंपाकघरात त्यांनी तीन घड्याळं लावलीत: एक पुण्याचं, एक इथलं आणि एक ग्रिनिचचं. "ग्रिनिचला आपलं कोण राहतं हो?" असं त्यांच्या बायकोने, सुवर्णाकाकूंनी, पाहुण्यांसमोर विचारूनही झालंय.

आमचा बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर संकष्टीला त्यावर एकच प्रश्न: चंद्र कधी? तो उगवल्याशिवाय उपास सुटत नाही ना. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी पुण्याच्या कॅलेंडरचा फोटो टाकला आणि निम्म्या जणींनी त्यातल्याच आकड्यावर ताटं वाढून घेतली. ते काकांच्या कानावर गेलं.

"अगं, पुण्याची वेळ तशीच्या तशी इथे? कन्व्हर्ट कोण करणार?"

"तुम्ही करा," काकू कणीक मळता मळता म्हणाल्या.

काकांनी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन वीकेंड गेले. मी सहज म्हटलं, "काका, साडेनऊ तास वजा केले की झालं ना?" मी चहात मीठ टाकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली की? साडेदहा होतात! आकडा लिहायचाच नाही. गावाचं नाव द्यायचं, घड्याळाचे नियम पायथनची तयार लायब्ररी बघते."

टेक्ससमधल्या प्लेनोच्या मेहुणीसाठी वेगळी वेळ, घड्याळाला कधीच हात न लावणाऱ्या फिनिक्ससाठी वेगळी. मार्च तपासला, नोव्हेंबर तपासला. हौसेने प्रोग्रॅमला 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' हे शब्दही शिकवले. "आता हा आपला आपण मेसेज पाठवेल. मी बघायचीसुद्धा गरज नाही."

संकष्टी शनिवारी आली. आठ वाजता ग्रुपवर मेसेज पडला: "आज संकष्टी चतुर्थी. अल्फारेटा येथे चंद्रोदय सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी."

काका तेव्हा गाडीचं ऑइल बदलायला गेले होते. काकूंनी मेसेज दोनदा वाचला आणि त्यांना फोन केला नाही. सरलामावशींना केला. मावशी नागपूरच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या; इथे मुलाकडे राहतात. पाच मिनिटांत त्यांचा मेसेज आला: "शशिकांत एवढा शिकलेला. चंद्र त्याच्या शब्दाबाहेर जाईल का? सगळ्यांनी साडेअकराला निरगुडकरांकडे. मोदक मी आणते."

काका परतले तर दारात अकरा गाड्या. मागच्या अंगणात आम्ही चौदा जणी, भर उन्हात, डोळ्यांवर हात धरून वर बघत उभ्या.

"काय झालं?"

"चंद्राची वाट बघतोय, काका," मी म्हटलं.

"आत्ता?"

"तुमचाच मेसेज आहे. आठ मिनिटं राहिली."

काका धावत लॅपटॉप घेऊन आले. एकेक ओळ तपासली. "पुणे, रात्री नऊ बारा... इथले अकरा बेचाळीस. कन्व्हर्जन बरोबर आहे!"

"मग उगवेलच," असं म्हणत सरलामावशींनी कोथरूडच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. बहीण बाराव्या मजल्याच्या गच्चीवर उभी. आम्ही सगळ्या फोनभोवती गोळा झालो. आणि बरोबर अकरा बेचाळीसला स्क्रीनवर लालसर, एका बाजूने खरवडल्यासारखा चंद्र वर आला. चौदा जणींनी फोनला हात जोडले.

"बघा! मिनिटाचा फरक नाही!" काका आनंदाने ओरडले. मग त्यांचं लक्ष वर गेलं. जॉर्जियाचं ऊन रणरणत होतं. "पण हा... हा पुण्याचा आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "वेळ तुम्ही अगदी बरोबर कन्व्हर्ट केलीत. चंद्र कोण कन्व्हर्ट करणार?"

काका पायरीवर बसले. कान लाल झाले होते. मग हसू कोणालाच आवरेना. मोदकांचा फडशा पडला. काकूंनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. स्वतः फक्त कॉफी घेतली. त्यांचा उपास त्या दिवशी इथल्या चंद्रावरच सुटला, पण ते त्यांनी काकांना सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यापर्यंत काकांनी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. आता पुण्याची वेळ घ्यायचीच नाही. प्रत्येक गावाच्या अक्षांश-रेखांशावरून तिथला चंद्रोदय काढायचा. मेसेज आला: "रात्री १० वाजून १४ मिनिटांनी." एकही थँक्यू नाही. सात रडके चेहरे आले आणि ग्रुपमधल्या प्रीताचा प्रश्न: "काका, जुनं व्हर्जन मिळेल का, प्लीज?"

"तो बग होता!" काका कळवळून म्हणाले.

"असेना," सरलामावशी म्हणाल्या. "आम्हाला मानवतो."

शेवटी पर्याय ठेवावे लागले: पुण्याचा चंद्र की इथला. सेहेचाळीस जणींपैकी एकोणतीस जणींनी पुण्याचा घेतला.

जन्मात उपास न केलेल्या काकांनी मग टेस्टिंग म्हणून स्वतःच संकष्टी धरली, इथल्या चंद्राची. दुपारपर्यंत साबुदाण्याची खिचडी दोनदा झाली, दाण्याचे लाडू संपले. पाचला त्यांनी लॅपटॉप उघडला.

"सुवर्णा, न्यूयॉर्कला जरा लवकर उगवतो, बघ."

"उगवू दे. आपण अल्फारेटात आहोत."

काकांनी मुकाट्याने आणखी एक केळं सोललं.