उतारावरची बस

“सायब, जरा जोर लावा. हुकूम तुमचाच हाय!” ड्रायव्हर दत्तूमामा खिडकीतून ओरडले.

साताऱ्याच्या बस स्टँडवर, भरदुपारी, मी रेल्वे स्टेशनला जाणारी शहर बस मागून ढकलत होतो. सोबत प्रवाशांपैकीच चार रिटायर्ड फौजी. त्यातले एक सुभेदार कवायत घ्यावी तसे “जोर लगाके, हैशा!” म्हणत होते. माझी इस्त्रीची पँट आधीच उसवली होती.

त्या वर्षी जगभर तेल महागलं होतं. ‘डिझेल वाचवा’ हा वरून रोजचा जप. मी डेपोत नवाच ट्रॅफिक सुपरवायझर. आलो तर गाड्या स्टँडच्या फाटकाबाहेरच्या उतारावर, चाकाखाली दगड लावून, वाकड्यातिकड्या उभ्या. मला तो निव्वळ गबाळेपणा वाटला. आत सपाटीवर चुन्याच्या रेघा मारल्या आणि गाड्या शिस्तीत रांगेत लावल्या.

महिनाअखेर डिझेलचा खप उलट वाढला! ड्रायव्हर आता उभ्या गाडीचं इंजिन चालूच ठेवत होते. याला आयडलिंग म्हणतात. गाडी जागची हलत नाही, डिझेल मात्र जळतं.

डेपो मॅनेजरनी बोलावलं. “सुधारणा करताय की जाळपोळ?”

मी लगेच दुसरा हुकूम काढला : उभ्या गाडीचं इंजिन बंद!

आज पहिला दिवस. दत्तूमामांनी स्टार्टरचं बटण दाबलं, तर इंजिन नुसतं खाकरलं.

“बॅटरी म्हातारी झालीया. समद्याच गाड्यांची.”

“मग आधी बोलला का नाही?”

“तुमी इचारलं कवा?”

बसमध्ये पुढच्या सीटवर जवळच्या वाडीतल्या एक आजी होत्या. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. मुलगा फौजेत, त्याची पलटण आजच्या रेल्वेने दक्षिणेला चालली होती.

“आवं सायब, रेल्वे पाचच मिनिटं थांबती. दोन वर्सं झाली, पोराचं त्वांड बघितलं न्हाई.”

म्हणून मी ढकलत होतो.

सपाटीवर बस मुंगीच्या पावलाने सरकली. मग पुढची चाकं फाटकाबाहेर गेली, उतार लागला आणि बस आपली आपणच पळाली. दत्तूमामांनी गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. इंजिन धडधडलं.

मी फाटकात धापा टाकत उभा. गाड्या उतारावर का लावत होते आणि सपाटीवर इंजिन चालू का ठेवत होते, ते माझ्या बिनबॅटरीच्या डोक्यात तेव्हा पेटलं. मग फौजींसोबत धावत जाऊन बस पकडली.

स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डाने शिट्टी मारली होती. आजींचा डबा मी घेतला आणि पुढे पळालो. रेल्वेच्या डब्याडब्याशी सुभेदार मुलाच्या नावाने हाका मारत होते. एका खिडकीतून हात बाहेर आला. डबा पोचला. मागून आजीही पोचल्या. त्यांनी पोराच्या गालावरून हात फिरवला, तेवढ्यात गाडी हलली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर आजी म्हणाल्या, “वाळलाय वं.” मग माझ्या घामेजल्या तोंडावरूनही त्यांनी पदर फिरवला. “तू बी.”

बाहेर दत्तूमामांनी बस उतारावर लावली होती. चाकाखाली दगड.

“इंजिन बंद केलंत?” मी विचारलं.

“कवाच.”

दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा उतारावर गेल्या आणि डिझेलही उतरलं. मॅनेजरनी माझी पाठ थोपटली. चुन्याच्या रेघा पुसायला मात्र दोन पावसाळे लागले. रोज त्या ओलांडूनच ऑफिसात जात होतो. डिझेल वाचवायचं तर आधी ड्रायव्हरला विचारावं. रेघा मारायला चुना नंतरही मिळतो.